किडूकमिडूक : मखमल काढा, नाव लिहा

एक पुस्तक आहे. गुळगुळीत आर्ट पेपर, जाड पुठ्ठा, आणि किंमत अशी की तेवढ्यात आपल्या वस्तीतल्या एका घराचा महिन्याचा किराणा भरावा. त्या पुस्तकाच्या एका पानावर माझ्या आज्जीचं जोडवं आहे. काळीभोर मखमल, वरून पडलेला उजेड, मधोमध जोडवं. खाली ओळ : पायातील अलंकार, चांदी, ग्रामीण महाराष्ट्र, खासगी संग्रह.

खासगी संग्रह! म्हणजे आमची पत्र्याची पेटी. ग्रामीण महाराष्ट्र म्हणजे मुंबईतल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. आणि अलंकार म्हणजे तेच जोडवं, जे पायात घालून आज्जीनं १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. एक दिवस दगड घरंगळला, पायावर आला. बोट वाचलं, जोडव्याला चीर गेली. चिरेची धार बोटाला कापायची. नवं घ्यायला पैसा कुठला? आज्ज्यानं कुठनंतरी तांब्याची तार आणली आणि चिरेवर सात वेढे दिले. पुढं पंचेचाळीस वर्षं आज्जी त्या तारेसकट चालली.

मग फोटोवाले साहेब आले. संस्कृतीचं जतन करायला आले होते. चहा घेतला, आज्जीला मावशी म्हणाले. जोडवं हातात घेतलं आणि म्हणाले, "ही तार फार वाईट दिसते हो." चिमट्यानं तार उलगडली, काढून टाकली. चिरेची बाजू मखमलीत दाबली. खटाखट फोटो मारले, गेले. ते गेल्यावर आज्जी अर्धा तास फरशीवर तार शोधत होती. मी म्हणालो, "आगं आज्जे, तार तर हाय. दुसरी आणतो." ती म्हणाली, "दुसरी आनशील रं. त्येंचे हात कुठनं आनशील?"

आज्जा मरून तेव्हा बरीच वर्षं झालेली. तार सापडली नाही. आता आज्जीही नाही.

दोस्तहो, हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आपल्या रडगाण्याला आता बाजारात भाव आहे, ते विकणारे पुष्कळ आहेत. मी भांडण म्हणून सांगतोय. माझं भांडण एका फोटोशी आहे. तो फोटो सुंदर आहे, आणि तो खोटा आहे. त्यात चांदी आहे, आज्जी नाही. कारागिरी आहे, दुष्काळ नाही. आणि जी एक गोष्ट त्या जोडव्यात खरोखर आमची होती, ती तार, ती वाईट दिसते म्हणून काढून फेकली. च्यायला, हेच तर आजवर आपलं झालं! जे त्यांना देखणं वाटलं ते त्यांनी ठेवलं, आणि जे आपलं होतं ते केरात गेलं.

किडूकमिडूक हा शब्द बघा. ज्यांच्याकडं तिजोरी आहे त्यांच्याकडं अलंकार असतात, स्त्रीधन असतं, घराण्याचा ठेवा असतो. आपल्याकडं किडूकमिडूक. फडक्याच्या गाठीत, तांदळाच्या डब्यात, उशीच्या खोळीत. फिरकी हरवलेली एक कुडी. पोराच्या वाळ्यातलं सुटलेलं घुंगरू. गिलटाची साखळी. डोरल्याच्या दोन वाट्यांतली राहिलेली एक. "गळ्यात फुटका मणी नाही" असं आपण सहज बोलून जातो, पण ज्या घरात तो फुटका मणी होता त्या घरानं तो कसा जपला ते बोलत नाही. सराफाकडं गेलं की तो कसाला लावतो, तराजूत टाकतो, घट धरतो आणि पावतीवर लिहितो : जुना डाग, इतके ग्रॅम. मराठीत डाग म्हणजे दागिना आणि डाग म्हणजे कलंक. आपल्या बायांच्या अंगावर हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत घडवून चढवले.

शंका असेल तर मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यांत जेवावं आणि त्याचे दागिने लोखंडाचे असावेत, असा कायदा तिथं करून ठेवलाय. कुणी कुठला धातू अंगावर घालायचा हेसुद्धा जात ठरवणार! आणि हे काय फक्त पोथीत राहिलं? १९२८ च्या जानेवारीत बातमी छापून आली. इंदूरकडच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांना अटी घातल्या होत्या. त्यांतली एक अट : बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. १९३० च्या डिसेंबरात रामनाडमध्ये कळ्ळरांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या लादल्या. त्यातली पहिलीच बंदी सोन्याचांदीच्या दागिन्यांवर. बंदी मानली नाही तेव्हा झोपड्या जाळल्या.

म्हणजे आपल्या घरातली ग्रामभर चांदी ही निव्वळ चांदी नाही. कुणीतरी घालू नको म्हणालं असताना ती कुणीतरी घातलीय. कुठल्या मजुरीतून घेतली, कुठल्या दुकानाच्या पायरीखाली उभं राहून घेतली, किती वेळा गहाण पडली आणि किती वेळा सुटली, हा सगळा दस्तऐवज आहे. त्यांच्या घराण्यांना बखरी आहेत, सनदा आहेत, वाड्यातली तैलचित्रं आहेत. आपल्या बखरी जोडव्यावरच्या झिजेत आहेत. आणि त्या आपण किलोच्या भावानं आटवायला देतोय, नाहीतर दुसऱ्याच्या मखमलीवर ठेवतोय.

कॅमेराही या मुलखात सोवळ्यानंच आला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. ती काढणाऱ्यांतला एक, विल्यम जॉन्सन. त्यानं १८६३ आणि १८६६ साली मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्याची रीत अशी की माणसं एकीकडं उभी करून टिपायची आणि पाठीमागं दुसरीकडचाच देखावा जोडायचा. पुढं १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावानं आठ खंड निघाले. १८५७ च्या दणक्यानंतर राज्यकर्त्यांना प्रजा ओळखून घ्यायची होती. पानापानावर माणसं, आणि ओळख म्हणून जातीजमातीचं नाव. अंगावरचा कपडा, गळ्यातली माळ, नाकातली नथ ही सगळी जात ओळखायची खूण. गळा कुणाचा, नाक कुणाचं, हे कशाला विचारायचं?

दीडशे वर्षांनी माझ्या आज्जीच्या जोडव्याचं तेच झालं. खोली कापली, पाय कापला, तार कापली, आज्जी कापली. मागं मखमलीचा देखावा जोडला. साहेब बदलला, आता मराठी बोलतो, 'मावशी' म्हणतो. रीत तीच.

आता आपल्यातलेच काही दोस्त उठतील. मला माहीत आहे काय म्हणतील, कारण माझ्या तोंडावर म्हणून झालंय. "अरे, १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना काय सांगितलं? गळ्यातल्या गळसऱ्यांचा भार आणि कोपरापर्यंतचं चांदीचं-कथलाचं ओझं ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. घालायचंच तर सोन्याचं घाला, नाहीतर काही घालू नका. आणि तू त्याच बेड्यांचे फोटो काढत फिरतोस? उद्या झाडू-मडक्याचेही काढशील!"

काढीन. सापडलं तर झाडू-मडक्याचाही काढीन. सगळ्या बाजूंनी काढीन.

बाबासाहेबांचं सांगणं शंभर टक्के मान्य. पण नीट ऐका, त्यांनी खूण अंगावरून उतरवायला सांगितली. विसरायला कुठं सांगितली? बलाई बायकांवरच्या दागिन्याच्या बंदीची १९२८ ची ती बातमी त्यांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडली. ते भाषण करूच दिलं नाही, तर छापलं. आठ वर्षांपूर्वीची बातमी कशाला मांडली? पुरावा म्हणून. खून झाला की पोलीस सुऱ्याचा फोटो काढतात. सुरा आवडतो म्हणून काढतात काय? केस उभी करायची असते. आपली केस अजून चालू आहे, आणि आपलेच लोक पुरावा भंगारात देताहेत.

केरळात १९१५ साली कोल्लमला सभा भरली. पुलय बायांच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळा असत, कल्लुमाला म्हणत तिला. हौस म्हणून नव्हे, जातीची सक्ती म्हणून. अय्यंकाळींच्या हाकेवर बायांनी भर सभेत त्या माळा तोडून फेकल्या. माळांचा ढीग झाला. आता मला सांगा, त्या ढिगातली एक माळ आज तुमच्या हाताला लागली तर काय कराल? गटारात टाकाल? का गळ्यात घालून मिरवाल? दोन्ही नाही. तुम्ही ती समोर ठेवाल, तिचा फोटो काढाल आणि खाली लिहाल : ही आमच्या आजीनं तोडली. मग महाडनंतर तुमच्या पणजीनं उतरवून पेटीत टाकलेल्या गोटांनी काय घोडं मारलंय?

दुसरा आक्षेप मोठ्यानं कुणी बोलत नाही, मनात असतो. हे हळवं काम आहे, बायकी काम आहे, क्रांतीचं नाही. वा रे क्रांतिकारक! आपल्या भिंतींवर फोटो कशाचे? मोर्चे, सभा, स्टेजवर मूठ वळलेले पुरुष. त्या पुरुषाची फी कुणाच्या डोरल्यातून भरली? त्याच्या जामिनाचे पैसे कुणाच्या पाटल्या मोडून आले? रमाईनं धारवाडच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या, ही गोष्ट आपण भीमगीतांतून ऐकत मोठे झालो, ऐकताना डोळे पुसले, आणि घरी येऊन आपल्या आईच्या ओक्या मनगटाकडं बघितलंसुद्धा नाही. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून, बोलतं करून, त्यांचं म्हणणं छापलं. तोवर त्या बाया जणू चळवळीत नव्हत्याच! त्यांनी आवाज गोळा केले. वस्तू गोळा करायचं काम अजून पडलंय, आणि ते कुणी साहेब आपल्यासाठी करणार नाही. केलं तर कसं करतो ते वर सांगितलंच.

वेळही थोडा आहे. बीडीडीच्या चाळी पाडून टॉवर उठताहेत. घर हलतं तेव्हा पत्र्याची पेटी उघडते. पोरं म्हणतात, हा कचरा कशाला न्यायचा नव्या घरात? म्हातारी गप्प बसते. भंगारवाला खालीच उभा असतो. आणि त्याच शहरात कुलाब्याच्या फुटपाथवर 'ट्रायबल' म्हणून नवं काळं केलेलं जोडवं विकायला असतं, आणि आपलीच पोरगी ते हौसेनं विकत घेते.

तेव्हा कामाचं बोलू. आपल्याकडं स्टुडिओ नाही, दिवे नाहीत. गरजही नाही. खिशात फोन आहे, तेवढं बस.

पहिलं, घासू नका. चांदीवर काळं चढतं ते हवेतल्या गंधकाच्या वायूनं. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट लावून घासलं की काळ्याबरोबर चांदीही थोडी जाते आणि बारीक ठसे पुसट होतात. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ टिपा, बास. ते काळं म्हणजे घाण नव्हे, ती वर्षं आहेत.

दुसरं, फ्लॅश मारू नका. चांदी आरशासारखी असते. फ्लॅशचा पांढरा ठिपका येतो आणि बाकी सगळं बुडतं. खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर दोन उजेड मिसळून रंग खोटा येतो. खिडकीशी बसा, नाहीतर उंबऱ्याशी, पण थेट ऊन नको. खिडकीवर ट्रेसिंग पेपर डकवा, नसेल तर पांढरी ओढणी टांगा. दुसऱ्या अंगाला पांढरा कागद उभा केला की सावली फिकी पडते. चांदीत फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसतं. धंदेवाले चारी बाजूंनी पांढऱ्या कागदाचा तंबू करून ते लपवतात. आपण एखाद्या फोटोत ते राहू द्यावं. कुणी काढला ते कळू द्या की!

तिसरं, फोन नाकाशी नेल्यासारखा वस्तूला चिकटवू नका. फोनचीच सावली पडते आणि वस्तूचा पुढचा भाग फुगून येतो. जरा लांबून काढा, नंतर कडा कापा. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि टायमर लावा, कारण इतक्या जवळून बोटाचा धक्काही फोटो हलवतो. मोठा कॅमेरा असेल तर छिद्र लहान करा, एफ-११ च्या आसपास. तरी जोडव्याची एक कड स्पष्ट आली की दुसरी धूसर होईल, म्हणून फोकस सरकवत चार-पाच काढा.

चौथं, मखमल नको. ज्या फडक्यात ते बांधलेलं होतं ते फडकं अंथरा. ज्या डब्यात होतं तो डबा घ्या. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तिचा तळहात. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे केवढं होतं ते कळेल. पुढून काढा, मागून काढा. फासा, फिरकी, सांधा, झीज, सगळं. बॅटरीचा उजेड बाजूनं, अगदी सपाटीलगत टाकला की पुसट कोरलेलं नावही वर येतं. आणि तार असेल तर पहिला फोटो तारेचा.

पाचवं, चिठ्ठी लिहा आणि ती वस्तूशेजारी ठेवून एक फोटो काढा. नाव लिहा. कुणाची बायको, कुणाची आई असं नव्हे, तिचं नाव. कधी केलं, कशाच्या पैशातून, किती वेळा गहाण, कशासाठी. तिच्याच बोलीत लिहा, प्रमाण मराठीची इस्त्री मारू नका.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला विचारा. ती नको म्हणाली तर नको. आपण साहेब नाही. घरात काय आहे आणि घर कुठं आहे हे एकत्र चव्हाट्यावर टाकू नका. आणि फोनच्या भरवशावर राहू नका, फोन पडतो, बिघडतो, चोरीला जातो. कागदावर दोन प्रती छापून घ्या. त्यातली एक तिची.

शेवटी माझा हिशोब देतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच शहाणपण शिकवतोय. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी आईच्या डोरल्यातून भरली. ते मोडायला मीच तिच्याबरोबर पेढीवर गेलो होतो. खिशात फोन होता. पेढीवर त्या दिवशी तासभर बसलो, तेवढ्यात फोनवर नाही नाही ते बघितलं. डोरल्याचा एक फोटो काढावा हे डोक्यातसुद्धा आलं नाही. सराफानं वजन केलं, घट धरली, पैसे मोजले. पावतीवर लिहिलं, जुना डाग.

आज्जीच्या जोडव्यावरून डोकं फिरल्यावर मी आईला विचारलं, "आये, तुझं डोरलं कसं होतं गं?" ती भाकरी थापत होती. परातीतल्या पिठाची चिमूट घेतली, करंगळीच्या टोकावर दाबून वाटी केली, मग दुसरी केली. दोन्ही परातीच्या काठावर ठेवल्या. एका वाटीच्या कडेला नखानं खाच पाडली. म्हणाली, "हितं चेमटल्यालं व्हतं. तू ल्हान आसताना चावला व्हतास."

मी तव्याखालचा गॅस बारीक केला. परात दाराशी नेली, उजेडात ठेवली. शेजारी पट्टी ठेवली. आईचं नाव चिठ्ठीवर लिहिलं. खाली लिहिलं : सोन्याचं होतं, माझ्या फीसाठी मोडलं, हे पिठाचं आहे. आणि फोटो काढला. मग तिनं ते पीठ परत गोळ्यात मिसळलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

तुमच्या घरात अजून पिठावर वेळ आलेली नसेल. आज रात्री पेटी उघडा.